‘घरी गेल्यावर’ला तू दिलेले सहा मार्क

अण्णा, यादी आली. तुझं नाव आहे, तुझं माप नाही.

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आली. धारवाडला माळमड्डीच्या घरात पाहुणे अजून होते, शेजाऱ्यांकडून आणलेली मोठी पातेली परत द्यायची म्हणून अंगणात पालथी घातली होती, आणि मी मागच्या पायरीवर बसून फोनवर ती वाचत होते. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात व्यायामाचा उपयोग होतो की नाही हे तपासताना देशोदेशीच्या सगळ्यांनी यापुढे एकसारखं काय मोजायचं, त्याची ही यादी. चालणं आहे. खुर्चीवरून उठबस आहे. मुठीची पकड आहे. थकवाही आहे, पण तो आठवड्याचा सरासरी थकवा. तुझं ‘घरी गेल्यावर’ नाही. मी वरपासून वाचली, मग खालपासून वाचली. सगळ्यात शेवटी, आभारांत, काम चालू असताना ज्यांचं दुःखद निधन झालं त्यांत तुझं नाव. वहिनींनी आतून विचारलं, “वन्सं, काय आलंय?” मी म्हटलं, “काही नाही, हॉस्पिटलचं आहे.”

म्हणून भांडायला तुझ्याकडे आले. बाकीच्यांशी भांडून उपयोग नाही, ते सगळे फार सभ्य आहेत.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण उत्तर लिहिण्याआधी प्रश्न उतरवून घ्या म्हणून तूच आम्हा पोरांच्या कानीकपाळी ओरडायचास. माझे केस पिकले हुबळीत फिजिओथेरपी करता करता. डायलिसिसच्या खोलीत माणसं तासन् तास मशीनला बांधून पडलेली असतात, त्यांच्या पायाशी सायकली बसवायच्या आणि पडल्या पडल्या पाय चालवायला लावायचे, हे खूळ माझं. सुरुवातीला सगळे हसले. मग लोकांना बरं वाटू लागलं, तसं मी मोजायला लागले, आणि जे मोजलं ते लिहून एका संशोधन-नियतकालिकाला पाठवलं. उत्तर आलं, की तुमचं मोजणं इतरांच्या शेजारी ठेवता येत नाही. का, तर आमचा व्हरांडा आखूड. चालण्याची चाचणी लांब सरळ व्हरांड्यात घ्यायची असते. आमच्याकडे माणूस जरा चालला की भिंत येते, वळावं लागतं, मधे कुणाचे तरी नातेवाईक डबा उघडून बसलेले असतात, त्यांना वळसा. वळण्यातच निम्मा वेळ जायचा.

आणि इतरांचं तरी काय होतं? एकाने पकड मोजली, दुसऱ्याने श्वास मोजला, तिसऱ्याने रक्तातलं कसलंसं. जो तो आपापल्या जागी बरोबर, आणि कुणाचं कुणाशी जुळेना. त्यामुळे व्यायामाने किडनीच्या माणसाला नक्की काय मिळतं, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नव्हतं. मोजायचं काय ते आधी सगळ्यांनी मिळून ठरवा असं म्हणणारा गट जमला तेव्हा मी आपण होऊन त्यात शिरले. त्यांना पेशंटही हवे होते. मी तुझं नाव दिलं. गणिताचा निवृत्त मास्तर, आठवड्यातून तीनदा धारवाडहून बसने येऊन आमच्याच खोलीत डायलिसिस करून घेणारा, आणि इंग्रजीत भांडू शकणारा. असा दुसरा कुठे मिळाला असता?

‘घरी गेल्यावर’ निघालं ते तुझ्या तोंडून, आणि तेही रागाने. चाचणी झाल्यावर आमचे डॉक्टर तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, “सर, तुमचं चालणं छान सुधारलंय.” तू म्हणालास, “सुधारलंय ते तुमच्या व्हरांड्यातलं. घरी गेल्यावरचं कोण मोजणार?” डॉक्टर हसले. शेजारच्या पलंगावरची शांतक्का, जिचं जुन्या हुबळीत बांगड्यांचं दुकान आहे, तीही हसली. तू हसला नाहीस.

घरी गेल्यावर काय होतं ते वहिनींना माहीत होतं. एरवी तुझं तोंड सकाळपासून सुरू. वर्तमानपत्राची घडी चुकली, मीठ मोजून घातलं नाही, गॅस बंद केलाय का, नळ कुणी उघडा ठेवला. वहिनी पण काही कमी नाहीत, त्या भांडी आपटून उत्तर द्यायच्या. पण डायलिसिसच्या संध्याकाळी तू भिंतीकडे तोंड करून पडायचास आणि सगळ्याला हो म्हणायचास. भात वाढू? हो. खिडकी लावू? हो. खिडकी उघडू? हो. वहिनी मला फोन करून म्हणायच्या, “वन्सं, आज हे माझ्याशी भांडले नाहीत हो, जरा येऊन बघाल का?” तुला हे मी सांगितलं तेव्हा तू म्हणालास, “बरोबर आहे. हेच मोजायला पाहिजे.”

आणि मग तू बसलास प्रश्न घासायला. ‘डायलिसिसहून घरी गेल्यावर, झोपेपर्यंत, हवं ते करता आलं का आणि कितपत.’ मराठीत, कन्नडात, इंग्रजीत. एकेका शब्दावर माझं डोकं खाल्लंस. झोपेपर्यंत म्हणजे कुणाच्या झोपेपर्यंत, कारण काही जण घरी जाताच झोपतात. हवं ते म्हणजे कुणाला हवं ते, आपल्याला की बायकोला. मी वैतागून म्हटलं, अण्णा, हा काय बोर्डाचा पेपर आहे का? तू म्हणालास, “मंदे, त्याहून वाईट. बोर्डाच्या पेपरात नापास झालेला पोरगा पुन्हा बसतो.”

त्या बैठका मला आठवतात. तू हॉस्पिटलमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर बसायचास स्वेटर घालून, कानटोपी काढून, केस पाणी लावून बसवलेले. मी शेजारी. गटाच्या अध्यक्ष परदेशातल्या एक बाई, आवाज असा की चिडलेलं मूलसुद्धा झोपावं. तू ‘घरी गेल्यावर’ मांडलंस, वहिनींच्या फोनची गोष्ट सांगितलीस, आणि बाई म्हणाल्या, फारच हृदयस्पर्शी. सगळ्यांनी माना हलवल्या. तू माइक बंद करून मला विचारलंस, “हृदयस्पर्शी म्हणजे पास की नापास?” मला तेव्हाच कळायला हवं होतं खरं तर. ज्या गोष्टीला हृदयस्पर्शी म्हणतात ती कुणी वहीत लिहून घेत नाही.

एक तरुण प्राध्यापक होते, हुशार. ते म्हणाले, घर प्रत्येकाचं वेगळं, हवं ते प्रत्येकाचं वेगळं, मग माप एक कसं होणार? तू ताडकन म्हणालास, “व्हरांडाही प्रत्येकाचा वेगळाच आहे, माझ्या बहिणीला विचारा.” पडद्यावर कुणी तरी हसलं. माझी मान इतकी ताठ झाली म्हणून सांगू. इतकी वर्षं मी जे मिळमिळीत इंग्रजीत लिहून लिहून थकले होते, ते तू एका वाक्यात त्यांच्या तोंडावर मारलंस.

पण तुला धारवाडला सोडायला जाताना बसमध्ये मी तुला सांगितलं होतं, की त्या पोराचं अगदीच चूक नाही. आजही तेच म्हणते. दोन माणसं ज्या मापाने शेजारी शेजारी उभी करता येत नाहीत, ते माप नव्हे, ती तक्रार. तू म्हणालास, मग तक्रारीला तरी एक जागा ठेवा. मी म्हटलं, तक्रारीवरून औषध ठरत नाही. तू म्हणालास, व्हरांड्यावरून ठरतं का? उणकल गेलं, नवलूरचा स्टॉप गेला, आपलं चालूच. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, “सुम्नीरी अज्जा, तले नोय्ताद.” गप्प बसा आजोबा, डोकं दुखतंय. तू त्याची माफी मागितलीस आणि मला हळू आवाजात ऐकवत राहिलास. ते भांडण आपण संपवलंच नाही. मला वाटायचं, वेळ आहे की.

मग मतदान आलं. प्रत्येक मापाला एक ते नऊ मार्क द्यायचे. सात, आठ, नऊ दिले तर त्याचा अर्थ हे माप यादीत असलंच पाहिजे. त्याखालचं सगळं, असलं तर असू दे. पुरेशा लोकांनी सात किंवा वर दिले तरच माप यादीत. सोपं होतं. शांतक्काला मी कन्नडात समजावलं, तिला पहिल्या झटक्यात समजलं.

समजलं, पण दिले किती? आमच्या खोलीतल्या तू सोडून सगळ्यांनी सगळ्याला नऊ दिले. चालण्याला नऊ, पकडीला नऊ, उठबशीला नऊ, ‘घरी गेल्यावर’ला नऊ. एकाने तर नावाच्या रकान्यातसुद्धा नऊ लिहिलं. मी कपाळाला हात लावला. शांतक्का म्हणाली, “डॉक्टर स्वतः कागद घेऊन आले अक्का. त्यांच्या कागदाला कमी कसं द्यायचं? उद्या सुई त्यांच्याच लोकांच्या हातात आहे की.” तू पलंगावरून उठून बसलास, हाताला नळ्या लावलेल्या, आणि अख्ख्या खोलीला झापलंस, “एल्लाक्कू ओंबत्तु कोट्र हेंग्री?” सगळ्यालाच नऊ देऊन कसं चालेल? सगळे खाली मान घालून ऐकत होते, जशी तुझी दहावीची पोरं ऐकायची. पण कागद गेले होते. नंतर तिकडून कळवलं, फार अदबीने, की ज्या मतपत्रिकांत काहीच फरक केलेला नाही त्या मोजता येत नाहीत. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं त्यांची मतं सभ्यपणापायी बाद. आमच्या खोलीचं एकच मत उरलं. तुझं.

मी निर्धास्त होते. निर्धास्त असण्यासारखंच होतं ना? माप तुझं, प्रश्न तू घासलेला, बैठकीत तू लढलेला.

रविवार होता. तू देशपांडे नगरला माझ्याकडे आला होतास, मी चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं होतं, तुझ्या पथ्याप्रमाणे टोमॅटो न घालता, मीठ चिमटीने, आणि तू नेहमीप्रमाणे म्हणत होतास की याला गिरमिट म्हणणं हा गिरमिटाचा अपमान आहे. मी सहज विचारलं, “दिलेस ना मार्क?”

“दिले.”

“घरी गेल्यावरला?”

“सहा.”

मला वाटलं थट्टा करतोस. तू चुरमुरे चावत होतास, चेहऱ्यावर समाधान, जसं एखाद्याला दक्षिणा देऊन आलास.

“सहा? अण्णा, सातला पास आहे.”

“मला माहीत आहे. पण प्रश्नाची भाषा अजून ढिली आहे. ‘कितपत’ हा शब्द मला पटलेला नाही. भाषा ढिली असताना सात कसे देऊ? चालण्याला मी तीन दिलेत, पकडीला दोन. बघ, दुप्पट आणि तिप्पट. कुणालाही दिसेल मला काय महत्त्वाचं वाटतं ते.”

“त्यांना दिसत नाही. ते फक्त सातच्या वरचे मोजतात.”

“मग त्यांचं मोजणं चूक आहे,” तू म्हणालास, आणि आणखी चुरमुरे मागितलेस.

अण्णा, मला कळलं होतं तुझे सहा म्हणजे काय ते. जगात मला एकटीला कळलं होतं. तुझ्या शाळेत तुझ्या हातून साठच्या वर कुणी गेलं नाही. पोरं तुला कंजूष सर म्हणायची आणि तुला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. मी तुझ्या वर्गात होते तेव्हा भूमितीचं अख्खं उत्तर बरोबर असून तू माझे मार्क कापलेस, का तर शेवटच्या ओळीआधी ‘म्हणून’ लिहिलं नव्हतं. आई म्हणाली, सख्खी बहीण आहे रे. तू म्हणालास, म्हणूनच. माझा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस एकच, तू. माझ्या गाइडने सुद्धा वाचला नव्हता. वाचून झाल्यावर लाल पेनाने शेवटी लिहिलंस, दहापैकी साडेपाच, चांगला प्रयत्न. मी त्या दिवशी रडले होते, आणि आईला सांगितलं होतं की अण्णाला आवडला. तुझ्याकडून नऊपैकी सहा मिळवलेली दुसरी कुठलीही गोष्ट मला माहीत नाही. तुझ्या लेखी तो पहिला नंबर होता.

पण ते परदेशातल्या त्या गणकयंत्राला कोण सांगणार? मी तुला हात जोडले. तू फोनवरून दिलेलं मत बदलायची मुदत अजून होती, दोन मिनिटांचं काम होतं, फोनही मी हातात दिला. तू चमचा खाली ठेवलास. “मंदे, नोकरीभर पोरांचे बाप दारात येऊन बसले. कुणी आंब्याची पेटी आणली, कुणी ओळख. दिलेले मार्क मी बदलले नाहीत. आता स्वतःच्याच पेपराला बदलू?”

“हा पेपर नाही रे. पेशंट आहेत.”

“पोरंही पोरंच होती.”

मी काय काय बोलले ते तुला आठवत असेलच. तुझ्या या ताठपणापायी शांतक्काचं नुकसान होईल म्हटलं. तू म्हटलंस, शांतक्काने सगळ्यालाच नऊ दिले त्याचं काय. त्यावर मी आणखी चिडले. एक जण सगळ्याला नऊ देतो, दुसरा कशालाच सात देत नाही, आणि जग एकच माप ठरवायला निघालंय. पट्टी एक करतील रे, धरणारे हात कुठून एक करतील? हे मला तेव्हा सुचलं असतं तर तुला ऐकवलं असतं. तुला आवडलं असतं, पाच तरी दिले असतेस.

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. पाय ठेव, सायकल लावते, जोर कमी कर. तू हूं म्हणायचास. घरी बोलावलं नाहीस, मी आले नाही. मला वाटत होतं निकाल लागला की बघू. निकाल तुझ्या बाजूने लागला असता तर तू मला चिडवायला बसने धावत आला असतास, आणि माझ्या बाजूने लागला तर मी येणार होते. निकालाच्या आधी तूच गेलास. तेही रविवारी, सोमवारच्या डायलिसिसची वाट न बघता. दोन डायलिसिसमधल्या त्या लांब सुट्टीत माणसं जातात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पेशंटच्या घरच्यांना मी ते बजावूनही सांगते. तुला सांगितलं नव्हतं, तुला ठाऊकच असणार म्हणून.

गटाने तुझ्यासाठी शांतता पाळली. पडद्यावर सगळे खाली बघत होते आणि कुणाचा तरी माइक उघडा राहिला होता, मागे मिक्सर चालला होता. चटणी असावी. मग अध्यक्ष बाई म्हणाल्या, तुझा आवाज या कामात कायम राहील. मला विचारावंसं वाटलं, कुठल्या पानावर? बैठक संपल्यावर त्यांनी मला वेगळं लिहिलं, तुमच्या दुःखात सहभागी आहोत, आणि पुढच्या फेरीसाठी तुमच्याकडचा दुसरा एखादा सहकार्य करणारा पेशंट सुचवाल का. सहकार्य करणारा. म्हणजे काय ते मला बरोबर कळलं.

यादी आल्यावर मी न राहवून त्यांच्या कार्यालयात फोन केला. विचारलं, घरी गेल्यावर कितीने गेलं? पलीकडची मुलगी म्हणाली, अगदी थोडक्यात. मी म्हटलं, थोडक्यात म्हणजे? ती म्हणाली, पेशंटांपैकी आणखी एकाने सात दिले असते तर बसलं असतं.

घे. मी म्हणत होते तेच झालं. भांडण मी जिंकले, अण्णा, अगदी आकड्यानिशी जिंकले. आणि आता ते सांगायला कुणाच्या दारात जाऊ? वहिनींना सांगू की तुमच्या नवऱ्याने स्वतःचंच माप पाडलं? त्या मला विचारतील, मग पास झालं असतं तर त्यांना किती मार्क मिळाले असते? मला इतका राग येतो तुझा. गेलास त्याचा नाही, त्याला इलाज नव्हता. निकाल ऐकायला थांबला नाहीस त्याचा. तू समोर बसून नाक वर करून म्हटलं असतंस, ‘भाषा ढिली होती’, आणि मी तुला चुरमुऱ्यांचं पातेलं फेकून मारलं असतं, आणि मग दोघांनी मिळून ‘कितपत’ला दुसरा शब्द शोधला असता. पुढच्या फेरीला वर्षं आहेत. तो शब्द मी एकटी शोधते आहे. सापडत नाही. तू लाल पेनाने फुल्या मारल्याशिवाय मला नीट लिहिताच येत नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. असल्या गोष्टी तुला सांगितल्या की तू त्यातलं व्याकरण काढायचास.

आणखी एक आहे. ते तुला सांगायचं नव्हतं, पण मग लिहायला बसलेच कशाला.

आमच्या सायकलींचा अभ्यास तुझ्यावरही चालू होता ना. तुझी चाचणी मी घ्यायची नाही असा नियम, बहीण म्हणून. शेवटची चाचणी तू गेलास त्याच्या आधीच्या शुक्रवारी झाली, डायलिसिसला बसण्यापूर्वी. माझी ज्युनियर धावत आली होती, “मंदाक्का, सर केवढे चालले, पहिल्यापेक्षा खूपच.” मी म्हटलं, बरं. तुझ्याकडे आले नाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तू ताटावर बसलाच नाहीस. शनिवारी वहिनींनी उशाशी पाणी ठेवलं, तू ते मोजून घोट घोट प्यायलास, आणि कुणाशीही एक शब्द बोलला नाहीस. रविवारी गेलास.

परवा बेंगळूरूहून फोन आला, अभ्यासाचं काम बघणाऱ्या बाईंचा. म्हणाल्या, मॅडम, सरांची शेवटची चाचणी मृत्यूच्या आधीची आहे, त्यामुळे ती धरता येते. नव्या यादीप्रमाणे चालणं बघायचं, आणि चालण्यात सुधारणा आहे. मृत्यू वेगळ्या तक्त्यात जाईल, व्यायामाशी संबंध नाही म्हणून. तुमची फक्त सही हवी. मी विचारलं, चाचणीनंतर घरी गेल्यावर काय झालं ते कुठे लिहायचं? त्या म्हणाल्या, “त्याला रकाना नाही मॅडम. ते यादीत नाही ना.”

यादीत नाही. खरंच होतं ते. कागद समोर आला, तुझ्या नावापुढे छापून आलं होतं, सुधारणा. मी सही केली.